फॅटी लिव्हरचं पथ्य: कागदावरचं आणि ताटातलं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ किंवा ‘ग्रेड २’ असं लिहून आलं की माणूस आहारतज्ज्ञाकडे येतो. बहुतेक वेळा त्याच्या हातात रिपोर्टाबरोबर आणखी एक कागद असतो, पथ्याचा. डावीकडे ‘खावे’, उजवीकडे ‘टाळावे’. त्या कागदात चूक अशी फारशी नसते. तरी सहा महिन्यांनी तोच माणूस तोच कागद घेऊन परत येतो आणि लिव्हरमधली चरबी जिथल्या तिथे असते. आम्ही आहार समुपदेशनाचं काम करतो, त्यामुळे हे नेहमी पाहतो. काय टाळायचं हे बहुतेकांना माहीतच असतं. नक्की किती, कशातून, कोणाच्या हातून, आणि एखाद्या दिवशी बिघडलं तर दुसऱ्या दिवशी काय, हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं. पथ्य सांगायला पाच मिनिटं लागतात, शिकवायला वर्ष. ते वर्ष प्रत्यक्षात कसं जातं ते इथे लिहितो आहोत.

सुरुवात रिपोर्ट वाचण्यापासून होते, कारण तिथेच दोन टोकाचे गैरसमज असतात. एक, ‘ग्रेड १ म्हणजे काहीच नाही’. दुसरा, ‘ग्रेड ३ म्हणजे लिव्हर संपलं’. सोनोग्राफीतली ग्रेड लिव्हरमध्ये चरबी साधारण किती दिसते एवढंच सांगते. लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, पण साधारण २० टक्क्यांच्या खाली असलेली चरबी सोनोग्राफीच्या नजरेतून सहज निसटते. पुढचा धोका ठरतो तो चरबीपेक्षा फायब्रोसिसवरून, म्हणजे लिव्हरमध्ये पडत जाणाऱ्या चट्ट्यांवरून. त्याचा पहिला अंदाज घ्यायला ‘फिब-४’ हा हिशोब पुरतो. त्याला वय, एसजीओटी, एसजीपीटी (ही दोन रक्तात मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम) आणि प्लेटलेट एवढे चारच आकडे लागतात. उत्तर १.३ च्या खाली आलं तर चट्ट्यांची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर जास्त. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. मधल्या आकड्याला फायब्रोस्कॅन करतात, म्हणजे पोटावर बाहेरूनच यंत्र ठेवून लिव्हरची तपासणी. त्यात दोन आकडे येतात, ‘कॅप’ हा चरबीचा आणि किलोपास्कलमधला दुसरा कडकपणाचा. कडकपणा ८ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचे चट्टे असण्याची शक्यता कमी. ही तपासणी किमान तीन तास उपाशी राहून करायची असते. नुकतंच जेवून गेलं तर कडकपणा खोटाच जास्त दिसतो आणि घरात उगाच घबराट होते.

आणि एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहू नये. फॅटी लिव्हर असलेल्या कित्येकांचं एसजीपीटी नॉर्मलच असतं.

आजाराचं नाव २०२३ मध्ये बदललं. आधी ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हणत, आता ‘मासल्ड’ म्हणतात, म्हणजे ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन-असोसिएटेड स्टिअॅटॉटिक लिव्हर डिसीज’. नव्या नावात चयापचयाचा बिघाड थेट घातलेला आहे. लिव्हरमधल्या चरबीबरोबर वाढलेलं वजन किंवा कंबर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि कमी असलेलं चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी एक तरी असावं लागतं. शिकवणाऱ्याला या नावाचा उपयोग होतो. ‘मी तर दारू पीत नाही, मला कसं झालं?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर नव्या नावातच आहे. दारू पिणाऱ्यांना मात्र आठवड्याचं प्रमाण ग्रॅममध्ये विचारतो. ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. स्त्रियांमध्ये आठवड्याला १४० आणि पुरुषांमध्ये २१० ग्रॅमच्या वर गेलं की निदानच बदलतं. हे आकडे निदानाचे आहेत, परवानगीचे नव्हेत. चट्टे पडायला लागले असतील तर दारू पूर्ण बंद, त्यात घासाघीस नाही.

यानंतर एक गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही: लिव्हरमध्ये चरबी येते कुठून? ‘चरबी खाल्ली म्हणून लिव्हरमध्ये चरबी’ हा समज इतका घट्ट असतो की लोक तेल-तूप जवळजवळ बंद करतात आणि त्याच दिवशी अर्धा लिटर फळांचा रस पितात. २००५ मध्ये एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात रुग्णांच्या लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला गेला. साधारण ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून वाहत आलेली निघाली, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिठापासून तयार केलेली, आणि थेट अन्नातून आलेली फक्त १५ टक्के. हे तीन आकडे आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवतो. पहिला सांगतो की पोटावरचा घेर उतरल्याशिवाय लिव्हर मोकळं होणार नाही, कारण इन्सुलिनला दाद न देणारा शरीरातला मेद गळत राहतो आणि थेट लिव्हरकडे जातो. दुसरा सांगतो की साखर आणि मैद्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. तिसऱ्यावरून कळतं की नुसतं तेल तोडून भागत नाही.

साखरेतही फ्रुक्टोजचा वाटा वेगळा समजावावा लागतो. ग्लुकोज लिव्हरमध्ये जाताना वाटेत एक फाटक लागतं. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं एन्झाइम मंदावतं आणि पुढची वाट अडते. फ्रुक्टोज या फाटकाला वळसा घालून आत शिरतं, त्यामुळे ऊर्जेची गरज असो-नसो, त्याची चरबी होत राहते. साध्या साखरेत निम्मं फ्रुक्टोजच असतं. म्हणून सरबत, कोल्ड्रिंक आणि रस आमच्या यादीत सगळ्यात वर. अख्खं फळ त्या यादीत नाही. एका फळात फ्रुक्टोज थोडं, त्यात चोथा असतो आणि चावून खावं लागतं. दिवसाला दोन फळं चालतात. चार संत्री पिळून एका ग्लासात केली की गणित पालटतं.

तरी तेला-तुपाचा प्रकार महत्त्वाचा आहेच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ जणांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. ज्यांना त्या लोणी, चीज, खोबरेल तेल अशा संतृप्त स्निग्धातून दिल्या त्यांच्या लिव्हरमधली चरबी सुमारे ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून दिल्या त्यांची ३३ टक्क्यांनी, आणि ऑलिव्ह तेल, सुकामेवा अशा असंतृप्त स्निग्धातून दिल्या त्यांची १५ टक्क्यांनी. कॅलरी सारख्याच, फरक कशातून आल्या याचा. ‘कॅलरी म्हणजे कॅलरी’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही हे तीन आकडे सांगतो.

आता मुख्य काम. पहिल्या भेटीत आम्ही काय खावं हे सांगत नाही, काय खाल्लं ते विचारतो. गेल्या चोवीस तासांतलं, उठल्यापासून झोपेपर्यंत. बोलणं साधारण असं होतं:

“उठल्यावर पहिल्यांदा काय घेतलंत?”
“चहा.”
“किती?”
“एक कप.”
“साखर?”
“थोडीशी. मी गोड खातच नाही, मॅडम.”

या ‘थोडीशी’पाशी थांबायचं. टेबलावर साखरेचा डबा, रिकामा कप, दोन-तीन आकारांचे चमचे आणि एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ठेवलेला असतो. “घरी घालता तशीच घाला बरं.” माणूस सवयीने दोन चमचे घालतो, शिगोशीग भरून. कप काट्यावर ठेवला की १३ ग्रॅम दिसतात. सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम बसते, शिगेने भरला की सहा-साडेसहा. दिवसाचे कप विचारले तर चार. म्हणजे ५२ ग्रॅम, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मर्यादा पाहा. वरून घातलेली साखर, मध आणि रस यांतली साखर धरून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींच्या आहारात हे झाले ५० आणि २५ ग्रॅम. जेवणाला अजून सुरुवातही झालेली नसते आणि मर्यादा ओलांडलेली असते. इथे आम्ही काहीच बोलत नाही. काट्यावरचा आकडा माणूस स्वतः वाचतो, आणि त्याने स्वतः वाचलेला आकडा आमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त टिकतो.

विचारताना जेवणं सोडून मधल्या वेळा जास्त खोदाव्या लागतात. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेलं, मीटिंगमधली बिस्किटं, टीव्हीपुढचा खाऊ, औषधाबरोबर घेतलेला रस. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खाणं वाटतच नाही. म्हणून ‘आणखी काही खाल्लं का?’ असं न विचारता ‘दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत हातात काय आलं?’ असं विचारलं की आठवतं.

मग तीन दिवसांची वही. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा, कारण सुट्टीच्या दिवशीचा आहार पूर्ण वेगळा असतो. लिहायचं ते खाल्ल्या-खाल्ल्या, रात्री आठवून नव्हे. वही सुरू करण्याआधी घरातली वाटी एकदा पाण्याने काठोकाठ भरून ते पाणी मापाच्या भांड्यात ओतून बघायला सांगतो. एका घरातली वाटी १२० मिलिची असते, दुसऱ्या घरातली २५० ची, आणि दोघंही वहीत ‘एक वाटी भात’ लिहितात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम कच्चे तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट वजनाचे होतात. कच्चं की शिजलेलं हे न लिहिलेली वही निम्मी वाया जाते.

तेलासाठी वही उपयोगाची नाही, कारण तेल ताटात दिसत नाही. त्याला बाटली. नवी बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची, संपली की पुन्हा लिहायची. माणशी दिवसाला २० मिलि धरलं तर चौघांच्या घरात ३० दिवसांत २.४ लिटर लागायला हवं. प्रत्यक्षात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी ४० मिलिच्या वर जातंय, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. तेल-तूप वेगळं असेल तर दोन्हींची बेरीज करायची. इथेच एक मोठी चूक होते: रुग्ण एकटा येतो आणि स्वयंपाक दुसरंच कोणी करतं. ज्याच्या हातात पळी आहे तो माणूस दुसऱ्या भेटीला आलाच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. एकाच माणसाचं वेगळं, बिनतेलाचं शिजवणं पंधरा दिवस चालतं. सगळ्या घराचं तेल थोडं कमी केलं तर ते वर्षभर चालतं.

वही आणि बाटली हाताशी आली की पहिली कपात कुठे करायची ते आपोआप दिसतं. एक नमुना घ्या. चहातली साखर ५२ वरून १२ ग्रॅमवर आणली तर १६० कॅलरी वाचतात. तेल ४० वरून २० मिलिवर आणलं तर सुमारे १६५. रोजचा पाव लिटर रस बंद केला तर ११० च्या आसपास. संध्याकाळची सहा क्रीमची बिस्किटं, साधारण ४० ग्रॅम, म्हणजे १९० च्या पुढे. बेरीज सहाशेच्या वर जाते, आणि दोन्ही वेळच्या जेवणातलं अजून काहीही काढलेलं नाही. रोज ५०० ते १००० कॅलरी कमी करायला सांगितलेलं असतं, तो आकडा ऐकून लोक घाबरतात आणि रात्रीचं जेवण बंद करतात. रात्री उपाशी राहून अकरा वाजता बिस्किटाचा पुडा फोडण्यापेक्षा हे सोपं आहे.

साखर एका दिवसात बंद करायला आम्ही सांगत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करायची. जीभ दोन-तीन आठवड्यांत रुळते.

वजनाचं लक्ष्य ठरवताना टक्क्यांची भाषा वापरावी. ८० किलोच्या माणसाला ‘६० वर या’ म्हटलं की तो मनातल्या मनात तिथेच हरतो. ५ टक्के, म्हणजे ४ किलो उतरले की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते. ७ टक्क्यांच्या पुढे, साडेपाच-सहा किलोंवर, लिव्हरची सूज उतरण्याची शक्यता चांगली वाढते. १० टक्के, म्हणजे ८ किलो उतरले तर चट्टेही मागे हटू शकतात. ज्यांचं वजन मुळात नॉर्मल आहे त्यांना ३ ते ५ टक्के पुरतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्युबातल्या अभ्यासात लिव्हरला सूज असलेल्या २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन केलं आणि आधी-नंतर बायोप्सी केली. ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे चट्टे मागे हटले. पण त्याच अभ्यासात ५ टक्के किंवा जास्त वजन उतरवू शकलेले फक्त ३० टक्के होते. उपाय लागू पडतो हे पहिले दोन आकडे सांगतात, आणि शिकवणं किती अवघड आहे हे तिसरा. आमच्या मते या आजाराचं सगळं मर्म या तिसऱ्या आकड्यात आहे.

वेग मात्र सांभाळायचा. आठवड्याला अर्धा ते एक किलो ठीक. दीड किलोच्या वर सतत उतरत असेल तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि लिव्हरवरही ताण येतो. नुसत्या रसांवर किंवा सूपवर सात दिवस काढण्याचे प्रकार यासाठीच नकोत. त्यात स्नायूही झिजतात, आणि स्नायू हेच शरीरात साखर खपण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण आहे.

ताटाची रचना सोपी आहे: अर्ध्यात भाज्या, पाव भागात प्रथिनं, पाव भागात धान्य, शक्यतो कोंड्यासकट. सांगायला सोपं, पण घसरतं ते प्रथिनांवर. भात-पाव कमी करायला सांगितला की लोक तो कमी करतात, त्या जागी काही घेत नाहीत आणि चार वाजता भुकेने कासावीस होतात. दिवसाला शरीराच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिन हवं, म्हणजे दर जेवणात २० ते २५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० मिलि दुधात तीन-सव्वातीन, १०० ग्रॅम शिजलेल्या डाळीत-कडधान्यात ७ ते ९, १०० ग्रॅम शिजलेल्या मासळीत वीसच्या वर. हे आकडे पाठ करायचे नसतात. आपल्या नेहमीच्या सकाळच्या खाण्याची बेरीज एकदा करून बघायची. बहुतेकांची ती आठच्या पुढे जात नाही, आणि दिवसभराच्या खा-खाचं मूळ तिथेच सापडतं. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं माप डॉक्टरांना विचारूनच.

पाकिटावरची माहिती वाचायला शिकवणं हा अर्ध्या तासाचा वेगळा धडा आहे, आणि तो खरं पाकीट हातात देऊनच घ्यावा. पहिली सवय: ‘एका सर्व्हिंगमागे’ हा रकाना सोडून ‘१०० ग्रॅममागे’ वाचायचा, कारण सर्व्हिंग २५ ग्रॅमचं छापलेलं असतं आणि पाकीट शंभराचं फस्त होतं. दुसरी: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिल्या तिघांत साखर आली तर ते गोड खाणंच समजायचं. तिसरी: साखरेची टोपणनावं ओळखायची, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. माल्टोडेक्स्ट्रिनही त्यांच्याच पंगतीत बसवा. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेल्या रसातही १०० मिलिला आठ-दहा ग्रॅम साखर असते, फळातलीच. ‘फॅट फ्री’ दह्यात चवीसाठी साखर घातलेली सापडते. आणि मधाला आरोग्याचं लेबल लावून कपात ओतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मधाचा ८० टक्के भाग साखरच आहे, त्यातलं साधारण निम्मं फ्रुक्टोज.

‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्या आणि गोळ्यांबद्दल आम्हाला राहवत नाही म्हणून स्पष्ट लिहितो: घेऊ नका. ग्रीन टीच्या अर्काच्या आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. कपातला चहा आणि स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी, दाट केलेला अर्क रोज गोळीतून घेणं वेगळं. घेत असाल तर लपवू नका, बाटली घेऊनच या. बिनसाखरेची कॉफी मात्र चालते. दिवसाला तीन कप किंवा जास्त पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे पुढचे आजार कमी दिसले आहेत. झोप उडत असेल किंवा पित्त होत असेल तर त्यासाठी मुद्दाम सुरू करू नये.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांसाठी एक इशारा, आणि हा विसरला जातो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या चालू असताना भात-पाव-साखर एकदम कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून आहार बदलण्याच्या आधी औषधाचा डोस डॉक्टरांशी बोलून घ्यायचा, नंतर नाही.

सिऱ्होसिस, म्हणजे चट्टे वाढत जाऊन लिव्हर कडक होणं, झालेल्यांना वरची ताटाची मापं लागू नाहीत. त्यांना ‘लिव्हर खराब आहे, प्रथिनं कमी खा’ हा जुना सल्ला अजून कोणी ना कोणी देतं, आणि त्याने नुकसान होतं. त्यांना उलट जास्त हवीत, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. दिवसा तीन-चार तासांहून जास्त उपाशी राहायचं नाही आणि झोपण्याआधी थोडं खायचं, कारण खराब लिव्हरमध्ये साखरेचा साठा रात्रभर पुरत नाही आणि शरीर स्नायू जाळायला लागतं. पोटात पाणी झालं असेल तर काट्यावरचं वजन फसवतं, आणि मिठाचं माप डॉक्टरच ठरवतात. शिंपल्यांसारखे समुद्रातले पदार्थ कच्चे खायचे नाहीत, त्यांतल्या जिवाणूंचा संसर्ग अशा रुग्णात जिवावर बेतू शकतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात: आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. वजन हललं नाही तरी याने लिव्हरमधली चरबी कमी होते. वजन अडलेल्या महिन्यात हे सांगण्याची फार गरज पडते.

असा महिना येतोच, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. वजन कमी झालेल्या शरीराला कॅलरी कमी लागतात हे एक कारण. दुसरं, जास्त वेळा आढळणारं, म्हणजे मापं सैल झालेली असतात. सपाट चमचा पुन्हा शिगोशीग झालेला असतो. म्हणून आहार आणखी कापण्याआधी आम्ही पुन्हा काटा, वाटी आणि बाटली बाहेर काढायला सांगतो. मोजण्याची पद्धतही तपासतो. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. पँटच्या पट्ट्याची जागा ही कंबर नव्हे.

प्रत्येक भेटीच्या शेवटी आम्ही ‘समजलं का?’ विचारत नाही. त्याला सगळे मान डोलावतात. “घरी गेल्यावर आज काय ठरलं ते कसं सांगाल, ते मला सांगा” असं म्हणतो. सांगताना जे अडतं ते पुन्हा शिकवायचं, आणि एका भेटीत दोनच बदल ठरवायचे. भेटी पहिले दोन महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. रक्ततपासणी साधारण तीन-सहा महिन्यांनी, फायब्रोस्कॅन वर्षाने किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा. दर महिन्याला सोनोग्राफी करून ग्रेड बघण्यात पैसे आणि मनःशांती दोन्ही जातात.

औषधं आता आली आहेत. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या संस्थेने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या आजारासाठी मंजूर केलं, सूज आणि मध्यम ते पुढच्या टप्प्यातले चट्टे असलेल्या, पण सिऱ्होसिस न झालेल्या रुग्णांसाठी. दोन्ही मंजुऱ्या आहार आणि व्यायामाच्या जोडीनेच आहेत. सेमाग्लुटाइडने भूक मरते, तेव्हा जे थोडं खाल्लं जातं त्यात प्रथिनं पहिल्या घासाला खायला शिकवावं लागतं. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

वर्ष संपताना वजन जिथे स्थिरावलं तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगतो. त्यापुढे रोज वही लिहायची गरज नसते. वजन त्या आकड्याच्या २ किलो वर गेलं की मात्र तीन दिवस लिहायचं, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा, आणि त्याच दिवशी तेलाच्या बाटलीवर तारीख टाकायची.